पुसाची 'नौलखा' इमारत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नौलखा म्हणजे नेमकी कुठली इमारत?

बिहारमधल्या पुसा गावची. समस्तीपूर जिल्ह्यात, बुढी गंडक नदीच्या काठाला. इंग्रजांच्या काळात देशातली शेती संशोधनाची सगळ्यात मोठी संस्था इथे होती आणि तिच्या मुख्य इमारतीचं कागदोपत्री नाव होतं फिप्स लॅबोरेटरी, हेन्री फिप्स या अमेरिकन देणगीदाराच्या नावाने. हे नाव गावातल्या लोकांच्या तोंडी काही बसलं नाही, त्यांनी तिला नौलखा म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं. १ एप्रिल १९०५ ला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या हस्ते पाया घातला, १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात ती मोडली. पुरती तीस वर्षंसुद्धा आयुष्य मिळालं नाही तिला. पण या देशातलं आधुनिक शेतीशास्त्र बऱ्याच अंशी त्या तीस वर्षांत उभं राहिलंय, म्हणून एवढं सगळं लिहायला बसलो.

आज पुसाला विद्यापीठ आहे, पण तेव्हा तिथे विद्यापीठ कुठे होतं?

बरोबर, तेव्हा नव्हतं. गंमत अशी की या एका इमारतीच्या पोटी आज दोन विद्यापीठं आहेत. एक दिल्लीचं, म्हणजे भूकंपानंतर तिकडे हललेली हीच संस्था, आजची भारतीय कृषी संशोधन संस्था, जिला सगळे 'पुसा इन्स्टिट्यूट' म्हणतात, तिला १९५८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दुसरं मूळ गावातलंच, डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्रीय कृषी विद्यापीठ. शिकवणं मात्र त्याच्या बरंच आधीपासून चालू होतं, १९२३ पासून पुसाला पदवीनंतरचा डिप्लोमा होता आणि तो केलेली मुलं पुढे आपापल्या प्रांतांच्या शेती खात्यात गेली.

'पुसा' हे नाव 'फिप्स ऑफ यूएसए' वरून पडलं ना? सगळीकडे तेच वाचलंय.

नाही. ही गोष्ट व्हॉट्सॅपवर फिरते, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये आहे, चांगली शिकलेली माणसंसुद्धा सांगतात. फिप्स चा 'पी' आणि पुढे 'यूएसए', जुळतं म्हणून पटकन पटतं. पण गावाचं नाव फिप्सच्या देणगीच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीपासून पुसाच आहे. १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा घोड्यांचा डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इथे आला, तेव्हाही या जागेला पुसाच म्हणत होते. हेन्री फिप्सचा जन्म १८३९ चा. म्हणजे फिप्स जन्मायच्या आधीच गाव आपलं नाव घेऊन बसलेलं होतं. कृपा करून हे कोणी सांगितलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा, कारण या गोष्टीने एका जुन्या गावाचं नावच त्याच्याकडून काढून घेतलंय.

मग संस्थेच्या आधी तिथे काय होतं?

कंपनी सरकारचा घोड्यांचा स्टड फार्म. लष्कराला घोडे लागायचे आणि ते इथे पैदास करायचे. वर सांगितलेला मूरक्रॉफ्ट त्याचा सुपरिंटेंडेंट होता, त्याने इथे घोड्यांच्या खाद्यासाठी ओट लावून पाहिले. चांगले घोडे शोधता शोधता हा माणूस तिबेटमध्ये गेला, नंतर थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये मेला. पुढे स्टड बंद झाला, मधल्या काळात तिथे तंबाखू पिकवून पाहिली. म्हणजे संस्था आली तेव्हा सरकारच्या ताब्यात एक मोठी, सलग, नदीकाठची गाळाची जमीन तयार होती. जागा निवडायचं हे एक सरळ कारण होतं.

एवढी मोठी शेतीची प्रयोगशाळा बांधायची गरज इंग्रजांना का वाटली?

दुष्काळ. दुसरं काही नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ झाला, त्यानंतर बसलेल्या फॅमिन कमिशनने १८८० मध्ये प्रत्येक प्रांतात शेती खातं काढा असं सांगितलं. खाती निघाली पण ती मुख्यतः आकडे गोळा करणारी, शेतात काय करायचं हे सांगणारं त्यात कोणी नव्हतं. १८८९ मध्ये व्होल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून पाठवला, तो देशभर हिंडला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. हा अहवाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने स्वच्छ लिहिलं की हिंदुस्थानातला शेतकरी अडाणी नाही, कित्येक ठिकाणी तो ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा किंवा त्याहून सरस आहे, त्याला कमी पडतं ते पाणी आणि खत. शेण जाळावं लागतं कारण सरपण नाही, आणि शेण जाळलं की रानाला खत नाही, हे त्याने त्या काळात ओळखलं होतं.

आणि मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले, मुंबई इलाख्यात, मध्य प्रांतात, वऱ्हाडात माणसं आणि जनावरं किती गेली याला सुमार नाही. कर्झन जानेवारी १८९९ मध्ये व्हाइसरॉय झाला, म्हणजे त्याची कारकीर्दच दुष्काळाने सुरू झाली. त्या धक्क्यातून मध्यवर्ती संशोधन संस्थेची कल्पना पुढे सरकली.

हेन्री फिप्स कोण? त्याचा आणि बिहारच्या शेतीचा काय संबंध?

शेतीशी काहीच नाही. हा अमेरिकन पोलादवाला. अँड्र्यू कार्नेगीचा लहानपणापासूनचा शेजारी आणि पुढे धंद्यातला भागीदार, १९०१ मध्ये कार्नेगी स्टील विकली तेव्हा त्याच्या वाट्याला प्रचंड पैसा आला. कर्झनची बायको मेरी लायटर, शिकागोच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी, तिच्या माहेरच्या ओळखीने फिप्स हिंदुस्थानात कर्झनकडे पाहुणा म्हणून आला आणि देशाच्या उपयोगाचं काहीतरी करा म्हणून ३०,००० पौंड देऊन गेला.

मग नऊ लाखांचा हिशोब काय? सगळे फिप्सने दिले?

इथे जरा कागद-पेन घेऊन बसा, कारण हा मुद्दा नेहमी राहून जातो.

इमारतीला नऊ लाख रुपये लागले म्हणून ती नौलखा. तेव्हा एका पौंडाला पंधरा रुपये असा ठरलेला दर होता. म्हणजे ३०,००० पौंडाचे झाले साडेचार लाख. आणि या देणगीतला काही भाग दक्षिणेत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटला गेला. म्हणजे फिप्सचे सगळे पैसे धरले तरी निम्मेच होतात, आणि सगळे तर इथे आलेच नाहीत. उरलेले सरकारी तिजोरीतले, आणि त्या काळातली सरकारी तिजोरी म्हणजे बऱ्याच अंशी शेतसारा. दुष्काळातून नुकताच उठलेला शेतकरी जो सारा भरत होता त्यातून ही इमारत अर्ध्याहून जास्त उभी राहिली. पाटीवर नाव फिप्सचं लागलं, त्याबद्दल तक्रार नाही, त्याने मोठ्या मनाने दिले. पण नौलखा रयतेच्या पैशाचीही होती हे लिहिलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दरभंग्याच्या महाराजांचा नौलखा महाल तोच का?

नाही, तो वेगळा. तो मधुबनी जिल्ह्यात राजनगरला आहे, महाराजा रामेश्वर सिंहांनी बांधलेला. घोटाळा व्हायचं कारण असं की नाव सारखं, भाग जवळचा, आणि दोन्ही १९३४ च्या त्याच भूकंपात पडले. फोटो शोधायला गेलात तर राजनगरच्या महालाचे अवशेष जास्त दिसतात, त्याखाली 'पुसा' लिहिलेलं असलं तर समजून घ्या की लिहिणाऱ्याची गल्लत झालीय.

आत काय चालायचं?

सुरुवातीला पाच विभाग. शेती, पशुपैदास, रसायनशास्त्र, आर्थिक वनस्पतिशास्त्र (उपयोगाच्या वनस्पतींचा अभ्यास) आणि कवकशास्त्र म्हणजे बुरशीचा अभ्यास. १९०७ मध्ये जिवाणूशास्त्र आलं. कीटकशास्त्रही होतंच, हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हा त्याचा प्रमुख, हिंदुस्थानातल्या किड्यांवरचा त्याचा १९०९ चा जाडजूड ग्रंथ लोकं पुढे कित्येक वर्षं उघडून बसायची. बाहेर साहिवाल गाईंचा कळप होता, प्रयोगाची शेतं होती. लायब्ररी सुमारे पाच हजार पुस्तकांवर सुरू झाली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते बुरशीवाल्यांचं काम. एडविन बटलर हा मूळचा आयर्लंडचा डॉक्टर, म्हणजे माणसांचा डॉक्टर, तो इथे येऊन पिकांच्या रोगांवर काम करायला लागला. त्याने रोगट पानांचा संग्रह सुरू केला. हे कसं असतं सांगतो. शेतातून रोग पडलेलं पान आणायचं, शाईचा कागद टिपून घेतो तसं दाबून सुकवायचं, आणि जाड कागदाची घडी करून पाकिटात ठेवायचं. पाकिटावर हाताने लिहायचं: कुठलं पीक, कुठलं गाव, तारीख, कोणी तोडलं, बुरशी कुठली. बस. दिसायला काहीच नाही, वाळका पाचोळा. पण एखाद्या बुरशीला पहिल्यांदा नाव दिलं गेलं ते ज्या पानावरून, ते मूळ पान त्या पाकिटात असतं, आणि शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर जगभरातून त्याच पाकिटाकडे यावं लागतं. तो संग्रह आज दिल्लीला आहे.

अल्बर्ट हॉवर्ड, सेंद्रिय शेतीवाले, ते इथलेच का?

हो, तेच. १९०५ मध्ये आले, १९२४ पर्यंत पुसालाच. इंपिरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट असं त्यांच्या हुद्द्याचं नाव. त्यांची पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड स्वतः उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ, १९१३ पासून त्याही सरकारी हुद्द्यावर होत्या आणि गव्हाचं जे काम 'हॉवर्डचं' म्हणून सांगतात ते खरं तर दोघांचं आहे. पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे वाण त्यातूनच आले, उत्तर हिंदुस्थानात ते खूप पसरले.

हॉवर्डची खरी गोष्ट मात्र इमारतीच्या बाहेरची आहे. त्यांना लगेच खटकलं की बुरशीवाला वेगळ्या खोलीत, किड्यांवाला वेगळ्या, मातीवाला तिसरीकडे, आणि पीक तर शेतात एकच उभं आहे. त्यांनी ७५ एकर जमीन स्वतःकडे मागून घेतली आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना गुरू मानून, हे त्यांचंच म्हणणं आहे, त्यांच्या पद्धतीने शेती करून बघितली. त्यांनी असंही लिहून ठेवलंय की शेजारच्या गोठ्यात लाळ्या-खुरकुताची साथ होती, मध्ये फक्त एक बुटकं कुंपण, त्यांचे बैल पलीकडच्या आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावत होते आणि तरी त्यांना रोग झाला नाही, कारण चारा जिवंत मातीतला. आता यावर माझं मत सांगतो: निरीक्षण म्हणून ऐकायला मोलाचं आहे, पण याच्या जिवावर कोणी जनावरांची लस टाळू नका, लाळ्या-खुरकुत विषाणूचा रोग आहे आणि फार वेगाने पसरतो. १९२४ मध्ये हॉवर्ड इंदूरला गेले आणि तिथे कंपोस्टची ती प्रसिद्ध 'इंदूर पद्धत' बसवली, पण तिचं मूळ पुसाच्या त्या ७५ एकरांत आहे.

एवढे सगळे साहेबच? आपली माणसं नव्हती?

होती, पण वरच्या खुर्च्या बराच काळ साहेबांकडेच. कामाचा मोठा भार भारतीय सहायकांवर, शेतात तेच, सूक्ष्मदर्शकावर तेच. जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांचं नाव मुद्दाम घेतो, बटलरच्या हाताखाली काम करत त्यांनी १९१३ मध्ये एरंडीवरच्या रोगाची बुरशी शोधून तिला नाव दिलं, फायटोफ्थोरा पॅरासिटिका. या जातीने पुढे जगभरात कित्येक पिकांचं नुकसान केल्याचं दिसून आलं. नंतर भागवतुला विश्वनाथ हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले, १९३५ मध्ये, म्हणजे नेमकं इमारत पडून स्थलांतर चालू असताना. मोडलेलं घर हाती आलं आणि ते उचलून नेऊन बसवायचं काम त्यांच्या काळात झालं.

खुदीराम बोस यांचा पुसाशी काय संबंध सांगतात?

पुसाला जायला जे रेल्वे स्टेशन, वैनी, त्याला पुसा रोडही म्हणायचे, तिथे खुदीराम पकडले गेले. ३० एप्रिल १९०८ ला मुजफ्फरपूरला बॉम्ब टाकला, रातोरात पायी निघाले, आणि १ मे ला वैनीला पोलिसांच्या हाती लागले. ११ ऑगस्टला फाशी, वय अठरा. याच मुजफ्फरपूरच्या बॉम्बवर टिळकांनी केसरीत लेख लिहिले, त्यावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि सहा वर्षं मंडाले. तो खटला आपल्याकडे शाळेत शिकवतात, पण ज्या स्टेशनवर तो मुलगा सापडला तिथून ही नौलखा जवळच, हे मलासुद्धा फार उशिरा कळलं. आज त्या स्टेशनचं नाव खुदीराम बोस पुसा आहे.

१५ जानेवारी १९३४ ला काय झालं?

सोमवार. संक्रांतीचे दिवस. दुपारचे सव्वादोन वाजायला आले होते. पूर्व नेपाळमध्ये केंद्र असलेला साधारण ८ तीव्रतेचा भूकंप झाला. मुंगेर, मुजफ्फरपूर, दरभंगा ही शहरं उद्ध्वस्त झाली. फक्त बिहारमध्ये सात हजारांवर माणसं गेली, नेपाळमध्ये त्याहून जास्त. दुपार होती, थंडी असल्यामुळे लोकं उन्हाला बाहेर होती, शेतात होती, म्हणून निदान एवढ्यावर भागलं, हाच भूकंप रात्री झाला असता तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. ऊस उभा होता आणि साखर कारखाने पडले, म्हणजे जे वाचले त्यांचं पीकही अडकलं.

नौलखा त्यात इतकी मोडली की ती परत वापरता येईना.

पण एवढी भक्कम इमारत कशी काय मोडली? बांधकाम कच्चं होतं का?

आधी जमीन समजून घ्या. उत्तर बिहार म्हणजे हिमालयातून आलेल्या नद्यांचा गाळ, शेकडो मीटर खोल, खाली दगडच लागत नाही. बारीक वाळू, माती, आणि पाणी हाताच्या अंतरावर. पिकाला हे सोनं. इमारतीला मात्र तसं नाही.

नदीकाठच्या ओल्या वाळूवर उभं राहून पाय भराभर हलवून बघा. वर कोरडी, घट्ट वाटणारी वाळू हळूहळू थलथलीत होते, पाणी वर येतं, पाय आत जातो. जोराचा भूकंप मोठ्या प्रमाणावर हेच करतो. वाळूच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि जमीन काही क्षण दाट काल्यासारखी वागते. १९३४ ला शेतांत जमीन फाटून वाळू आणि पाण्याची कारंजी उडाली, विहिरी वाळूने भरल्या, पेरलेल्या शेतांवर वाळूचा थर बसला. मोतीहारीपासून पूर्णियापर्यंत एक लांबच लांब पट्टा असा झाला की घरं पडण्यापेक्षा तिरकी होऊन जमिनीत खचली. त्यात त्या काळची जड विटांची बांधकामं, लोखंडाने बांधून न घेतलेली, त्यांना आडवा हिसका अजिबात सोसत नाही. त्यामुळे बांधकाम करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, भूकंपाचा विचार करून घर कसं बांधायचं हे ज्ञानच तेव्हा आपल्याकडे जवळपास नव्हतं.

दुरुस्त का नाही केली? दिल्लीला हलवायचं काय कारण?

सरकारचं म्हणणं असं की दुरुस्तीचा खर्च मोठा, परत भूकंप होणार नाही याची खात्री नाही, आणि पुसा आडबाजूला आहे, इतर प्रांतांच्या लोकांना यायला-जायला अडचण. १९२९ मध्ये शेती संशोधनाची मध्यवर्ती परिषद निघाली होती आणि तिचा कारभार राजधानीतून चाले, संस्थाही तिथेच असावी असा विचार. कागदावर सगळं पटतं.

बिहारमधून विरोध झाला, आणि मला तो विरोध अगदी रास्त वाटतो. माणसं गेली, घरं गेली, शेतात वाळू आली, आणि वर जिल्ह्यातली सगळ्यात मोठी संस्थाही उचलून नेली. ज्या शेतकऱ्याला त्या वेळी मातीच्या डॉक्टरची सगळ्यात जास्त गरज होती त्याच्याच दारातून डॉक्टर उठून गेला. आडबाजूला असणं ही अडचण दिल्लीची होती, पुसाच्या शेतकऱ्याची नव्हती.

दिल्लीची इमारत कधी झाली?

पायाभरणी १९ फेब्रुवारी १९३५, लॉर्ड विलिंग्डन. संस्था प्रत्यक्षात २९ जुलै १९३६ ला हलली. उद्घाटन ७ नोव्हेंबर १९३६, लॉर्ड लिनलिथगो. हा लिनलिथगो व्हाइसरॉय व्हायच्या आधी १९२६ ते २८ च्या शेतीवरच्या रॉयल कमिशनचा अध्यक्ष होता, ज्याच्या शिफारशीवरून ती वरची परिषद निघाली, म्हणजे शेतीचा विषय त्याला नवा नव्हता.

जाताना काय काय नेलं?

बटलरच्या पाकिटांचा संग्रह, किड्यांचा संग्रह, लायब्ररी, बियाणं, माणसं. आणि नाव. नाव नेलं हे मला सगळ्यात विशेष वाटतं, दिल्लीत करोल बागेच्या बाजूला 'पुसा' नावाचं काहीही नव्हतं, आज तिथे पुसा रोड आहे, पुसा इन्स्टिट्यूट आहे, आणि दिल्लीकराला विचारलं तर पुसा दिल्लीतच.

पुसा गावात मग मागे काय राहिलं?

संस्थेचं एक प्रादेशिक केंद्र राहिलं, काम चालू राहिलं पण पूर्वीची शान नाही. ३ डिसेंबर १९७० ला तिथे राजेंद्र कृषी विद्यापीठ झालं, म्हणजे चौतीस वर्षांनी. ३ डिसेंबर हा राजेंद्रबाबूंचा जन्मदिवस. नाव अगदी योग्य माणसाचं दिलंय, कारण भूकंपाच्या वेळी राजेंद्रबाबू तुरुंगात होते, १७ जानेवारी १९३४ ला सुटले, तब्येत खालावलेली, आणि तसेच मदतकार्याला लागले, बिहारच्या मदत समितीचा सगळा गाडा त्यांनी ओढला. ७ ऑक्टोबर २०१६ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे.

आम्ही लावतो ती पुसा ज्वाला मिरची, पुसा सावनी भेंडी, पुसा रुबी टोमॅटो, ते हेच पुसा?

हेच. पण हे वाण दिल्लीत तयार झाले, नाव मात्र जुन्या गावाचं. पुसा बासमती ११२१ सुद्धा, तो शिजल्यावर लांबच लांब होणारा तांदूळ. बिहारच्या त्या गावाचं नाव आज देशभरच्या बियाण्याच्या पाकिटांवर आहे. दुकानात पाकीट हातात घेतलं की मला दर वेळी ती मोडलेली इमारत आठवते.

गव्हाच्या जुन्या वाणांना 'एनपी' लावायचे, म्हणजे न्यू पुसा. त्यातला एनपी ८०९ फार महत्त्वाचा, १९५४ चा. तांबेरा कधी जवळून बघितला असेल तर कळेल का ते: गव्हाच्या पानावर गंजासारखे बारीक फोड येतात, बोट फिरवलं की बोटाला नारिंगी भुकटी लागते, तीच बुरशीची बीजं, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाणारी. तांबेरा तीन प्रकारचा, काळा, तपकिरी आणि पिवळा, आणि एनपी ८०९ तिन्हींना तोंड देणारा होता. तो काढणारे बेंजामिन पिअरी पाल. पाल १९३३ मध्ये पुसाला नोकरीला लागले, म्हणजे नौलखा पडायच्या जेमतेम काही महिने आधी. पुढे १९५० ते १९६५ दिल्लीच्या संस्थेचे संचालक राहिले. त्यांच्यानंतर काही काळाने स्वामिनाथन त्या खुर्चीवर आले, आणि मेक्सिकन बुटक्या गव्हाची हरितक्रांतीची गोष्ट तिथून सगळ्यांना माहितीच आहे.

यवतमाळचं पुसद, त्याचा काही संबंध?

काहीच नाही. पुसद पूस नदीवरचं, वेगळं. सर्चमध्ये दोन्ही एकत्र येतात एवढंच.

नौलखा बघायला जायचं तर कसं जायचं? काय दिसेल?

समस्तीपूर-मुजफ्फरपूर मार्गावर खुदीराम बोस पुसा स्टेशनला उतरा, तिथून रस्त्याने पुसा. इमारत म्हणून नौलखा दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. विद्यापीठाचा मोठा परिसर आहे, शेतं आहेत, बुढी गंडक आहे. स्टेशनवर उतरलात की आधी नावाची पाटी बघा आणि दोन मिनिटं थांबा तिथे, मग पुढे जा. शेतीचे विद्यार्थी असाल तर बरोबर एखाद्या स्थानिक माणसाला घ्या आणि त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं भूकंपाचं काही आठवतं का विचारा. ऐकलेलं सांगणारी पिढी अजून आहे तोवर ते लिहून किंवा मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि कोणाचं नाव छापायचं असेल तर आधी त्यांना विचारून घ्या.